रुसलेला दर्या

"बोल!" आईनं माझ्या बरगडीत कोपर ढोसलं. "उघड तोंड! सगळं बेट बघतंय."

तेच तर होतं ना दुखणं. सगळं बेट बघत होतं. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं माडांवर चढून बसली होती, बायका डोक्यावर पदर घेऊन उन्हात ताटकळल्या होत्या, आणि लखमापाटील पागोटं सारखं करत अगदी पुढे उभे होते. समोर भादव्याच्या अवसेचा दर्या. भर दुपारी भरतीला आलेला, धक्क्याच्या वरच्या पायरीला ढुशा देणारा. आणि त्या पायरीवर मी, नवं लुगडं नेसून, जीभ टाळूला चिकटवून.

आमच्या कासवट बेटावर त्या दिवसाला दटावणी म्हणतात. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण त्या दिवशी येतं, आणि बेट पडलं कासवाच्या पाठीएवढं. पाणी चढायला लागलं की थांबतं कुठे? मग आमच्या घरची बाई धक्क्यावर उभी राहते आणि दर्याला झाडते. कुणाचं जाळं फाडलंस, कुणाचा माड खाल्लास, कुणाची विहीर खारी केलीस, सगळं चारचौघांत तोंडावर सांगायचं. दर्या असतो लाजाळू. खरं बोललेलं त्याला सोसत नाही. मान खाली घालून मागे जातो.

हसू नका. तुमच्या गावचा दर्या वेगळा असेल. आमचा असाच आहे.

दटावणारी बाई मात्र आमच्याच घरातली लागते. आणि बाई भडकून वाटेल ते बोलू नये म्हणून बेटानं एक मेख मारून ठेवलीय. त्या दिवशी सगळ्यांच्या होड्या वर ओढून ठेवतात, फक्त आमच्या घरची होडी बाहेर दर्यात असते. नवरा नि पोरगा पाण्यावर असताना कुठली बाई तोल सोडेल? त्या दुपारी माझे आबा आणि थोरला भाऊ म्हादू बाहेर होते. खाडीच्या तोंडाशी सुळ्यांचे खडक आहेत, त्यांच्यालगत आमचं तांबडं शीड दिसत होतं.

माझी आई चांगुणा म्हणजे दटावणीची राणी. ती चुलीपाशी बसून हाक मारायची आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला म्हैस दचकायची. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. म्हादू बोलायचा तो भांडल्यासारखा, भागूआत्या कुजबुजायची ती शेजारच्या आळीला ऐकू जायची. आबा तेवढे शांत, पण त्यांना बोलायला जागाच कोण देतंय! आणि त्या घरात जन्मले मी, पवळा. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत जेमतेम पोचायचा. दुकानात मीठ आणायला पाठवलं तर मी मिठाकडे बोट दाखवायची. पाहुणे आले की कणगीमागे. आई चारचौघांत म्हणायची, "पोटी पोरगी आली ती मिठाची गुळणी धरूनच." लोक हसायचे. मीसुद्धा हसायची, काय करणार?

सोळावं सरलं की मुलीनं दटावणीला तोंड फोडायचं, मग पुढचं आई सांभाळते. मला फक्त सुरुवात करायची होती. आई महिनाभर माझ्याकडून घोकून घेत होती. "मेल्या, तुला लाज आहे का?" एवढंच. म्हणून बघा, काय अवघड आहे? मला ते घरातल्या मांजरालाही म्हणता यायचं नाही.

"पवळे, पाणी चढतंय गो," मागून लखमापाटील म्हणाले.

मी तोंड उघडलं. दर्याकडे पाहिलं. तो इतका मोठा, इतका हिरवा, आणि आपल्याला आता बोलणी बसणार हे ठाऊक असल्यासारखा धाकधूक करत उभा. मला त्याची दया आली. खरंच सांगते, दया आली. चारचौघांत बोलणी खायची म्हणजे काय, ते माझ्याएवढं त्या धक्क्यावर कुणाला ठाऊक होतं?

"तुला..." मी पुटपुटले, "तुला लाज वाटत असेल ना रे, सगळ्यांसमोर?"

बोलले ते वाऱ्यालाही ऐकू गेलं नसेल. दर्या क्षणभर थबकला. आणि मग पुढे आला. भसकन नाही, हळूच, सगळाच्या सगळा, जसा बहिरा म्हातारा कान पुढे करतो तसा. वरची पायरी बुडाली, माझे पाय बुडाले, धक्का बुडाला. मागे एकच कालवा उठला. वाळत घातलेली सुकटं पाण्यावर तरंगायला लागली, कोंबड्या कौलांवर चढल्या, लखमापाटलांच्या पागोट्याचा शेव भिजला.

"अगो काय केलंस हे!" आईनं मला दंडाला धरून मागे भिरकावलं. "एक वाक्य! एक वाक्य सांगितलं होतं तुला! सात पिढ्यांची अब्रू घालवलीस, कार्टे!"

आणि ती वळली दर्याकडे.

आजवर मी आईच्या पुष्कळ दटावण्या ऐकल्या, पण तसली नाही. तिला माझा राग आला होता, आणि लोकांसमोर तो माझ्यावर किती काढणार? मग सगळा निघाला त्याच्यावर. "मेल्या, आयतोबा! पोरीची जीभ अडखळली तर घरात घुसतोस? वैजूचं नवं जाळं कुणी फाडलं? धोंडूच्या दारातला माड गिळलास, पोट नाही फुटलं तुझं?" इथपर्यंत बरोबर होतं. पाणी भराभर उतरत होतं, लोक माना डोलावत होते. तिथं थांबायला हवं होतं. पण आईला थांबता आलं नाही. "तू कुणाच्या कामाचा आहेस रे? खारट, वांझोटा, ना पिता येत ना शेतात घेता येत! तू नसतास तरी आमचं काही अडलं नसतं! नीघ! तोंड दाखवू नकोस परत!"

भागूआत्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेले होते.

दर्या गेला. धक्का उघडा पडला, मग धक्क्याचे पाय, मग ज्यावर कधी ऊन पडलं नव्हतं ते शेवाळ. खाडी रिकामी झाली. तडफडणारे मासे, उताणे खेकडे, आणि चिखल, माणूस कमरेपर्यंत रुतेल असला काळा चिखल. त्याच्याही पलीकडे सुळ्यांचे खडक उघडे पडले, आणि त्यांच्यावर आमची होडी, एका कुशीवर कलंडलेली. म्हादू डोलकाठीला धरून उभा होता. आबा दिसत नव्हते. मग दिसले, सुकाणूपाशी बसलेले.

आणि त्यांच्या मागे दर्या उभा राहिला होता. उभाच्या उभा, माडाएवढा, थरथरत. ना पुढे येत होता, ना खाली बसत होता.

"रुसला," लखमापाटील म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रुसलाय तो."

बेटावर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या पणजीच्या वेळी असाच रुसला होता. रुसवा धरवेना तेव्हा एकदम आला, आणि खाडीत एक होडी राहिली नाही, होड्यांतलं माणूस तर नाहीच. सूर्य कलला की दर्याला कितीही रुसायचं असलं तरी उभं राहवत नाही, असं म्हातारे सांगायचे. आता सूर्य माथ्यावरून ढळायला लागला होता.

"माझी माणसं," आई म्हणाली. एवढंच. मग तिनं पदर खोचला आणि पुढे होऊन दर्याला बोलवायला लागली. "ये रे! ये रे बाबा! चुकलं माझं, ये!" पण आईचा आवाज तो! गोड बोलायला गेली तरी तोफ. प्रत्येक हाकेला ती पाण्याची भिंत मागे झुकायची, आणि झुकून आणखी उंच व्हायची. होडीवरून म्हादू दोन्ही हात हलवत ओरडत होता. काय ओरडत होता ते ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. थांबव, आई, थांबव.

आई थांबली. तिला मी कधी तसं पाहिलं नव्हतं. धक्क्यावर फतकल मारून बसली आणि स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला लागली. "हे तोंड, हेच तोंड मेलं!"

तेव्हा भागूआत्या माझ्याकडे वळली. "पवळे, मघाशी तू बोललीस तेव्हा तो पुढे का आला गो?"

"हसायला आला असेल," आई रडत रडत म्हणाली. "दुसरं काय?"

"नाही गो वयनी," आत्या म्हणाली. "तिचं ऐकू येईना म्हणून आला. ऐकायला आला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कणगी असती तर मी तिच्यामागे गेले असते. पण कणगी नव्हती, आणि तिकडे आबा सुकाणूपाशी बसले होते, मान वळवून माझ्याकडेच बघत असल्यासारखे. मी लुगडं खोचलं आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरले.

चिखलातून वाट होती ती खडकांच्या कण्यावरून. निसरडी, शिंपल्यांनी पाय कापणारी. मी चालले. मागून आई आली, मी नको म्हटलं असतं तरी आलीच असती. आणि येता येता सुरू झाली. "हे बघ, आधी पाया पड त्याच्या. मग म्हण, आईचं डोकं फिरलं होतं. मग म्हण, दरसाल नारळ देऊ, खणानारळानं ओटी भरू. नीट म्हण! ततपप करू नकोस! ऐकतेस ना, पवळे?"

समोर ती भिंत शहारली आणि मागे झुकली. होडी करकरली.

मी थांबले. वळले. "आई," मी म्हटलं, "तू गप्प बस."

आयुष्यात पहिल्यांदा बोलले तिला असं. आवाज तोच, पुटपुटता. पण आईला ऐकू गेला. ती उघड्या तोंडानं बघत राहिली. मग त्याच ओल्या खडकावर खाली बसली, आणि धक्क्यावरच्या लोकांकडे हात करून तिनं बोट ओठांवर ठेवलं. बेट गप्प झालं. पोरं, बायका, लखमापाटील, सगळे. कुणीतरी कुत्र्याचंसुद्धा तोंड दाबून धरलं होतं, ते मला नंतर कळलं.

मी दर्याकडे तोंड केलं. काय बोलणार? घोकलेलं एक वाक्य होतं, तेही शिवीचं.

"मी पवळा," मी म्हटलं.

तो हलला नाही.

"मला बोलता येत नाही नीट. म्हणजे येतं, पण कुणी ऐकायला थांबत नाही. तोवर त्यांचं बोलून होतं."

भिंतीचा माथा किंचित पुढे कलला. मी बोलत राहिले. थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. मी त्याला सांगितलं की मला गाणी येतात आणि मी ती विहिरीत तोंड घालून म्हणते. गेल्या शिमग्याला कालवणात मीठ जास्त पडलं ते माझ्याकडून, आणि म्हादूनं विनाकारण बोलणी खाल्ली. मला खेकड्यांचं चालणं आवडतं, कारण त्यांना कुणी सरळ चाल असं सांगत नाही. दुकानातला वसंता मी मिठाकडे बोट दाखवलं की मुद्दाम हळदीचा डबा काढतो, आणि मला त्याचा राग येत नाही, का येत नाही ते कळत नाही.

पाणी बसायला लागलं. भिंत ओसरून रुंद झाली, आणि खडकांमधल्या फटींतून हळूहळू पाण्याच्या जिभा आत शिरल्या. माझ्या घोट्यांना पाणी लागलं. मी एक पाऊल मागे सरले, बोलत. तो पुढे सरला, ऐकत. मी आणखी मागे. पाणी सुळ्यांच्या खडकांवर चढलं. होडीची कूस हलली. म्हादूनं वल्हं उचललं आणि, शहाणा माझा भाऊ, हूं की चूं न करता धरून ठेवलं.

आणि मग माझं बोलणं संपलं.

किती असणार हो सोळा वर्षांच्या पोरीकडे सांगायला? विहीर सांगून झाली, खेकडे सांगून झाले. होडीचं पुढचं टोक पाण्यावर तरंगत होतं, पण मागचा भाग खडकात रुतून होता. पाणी गुडघ्याशी येऊन थांबलं. दर्या वाट बघत होता. पुढे? असं विचारल्यासारखा.

एकच गोष्ट उरली होती. ती सांगायची नव्हती मला. आई माझ्या मागे, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ होती.

"मला आईची भीती वाटते," मी म्हटलं. "तुझी नाही वाटत तेवढी. ती लोकांत मला हसते तेव्हा मी पण हसते, आणि मग गोठ्यात जाऊन रडते. मला तिच्यासारखं व्हायचं नाही. मुळीच नाही. पण मी तिला आवडायला हवी आहे रे. जशी आहे तशी. आबांना मी आवडते, मला ठाऊक आहे. म्हणून त्यांना नेऊ नकोस. माझ्याकडे दुसरं कुणी नाही ऐकणारं."

मला रडू फुटलं. हुंदक्यात शब्द आणखीच बारीक झाले, आणि दर्या पार जवळ आला. कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. माझा पाय सुटला तेव्हा मागून दोन हातांनी मला घट्ट धरलं. ती आईच होती. एक अक्षर बोलली नाही. मला धरून, पाण्यातून मागे मागे चालत राहिली. होडी सुटली. आबांनी सुकाणू फिरवलं, म्हादूनं वल्हं मारलं, आणि आमच्या शेजारून ती अशी सरकत गेली, पाण्याचा आवाज न करता. जाता जाता आबांनी वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

होडी धक्क्याला लागली. पण दर्या कसला थांबतोय! तो माझ्यामागून धक्क्यावर आला, अंगणात आला, लखमापाटलांच्या ओसरीच्या जोत्याला लागला. त्याला अजून ऐकायचं होतं.

"आता झाड त्याला, पवळे!" कुणीतरी कुजबुजलं. "आता तरी ओरड!"

मला ओरडता येत नव्हतं. आणि ज्यानं एवढं सगळं ऐकून घेतलं त्याच्यावर ओरडायचं तरी कसं? मी वाकून पाण्याला हात लावला. "आज एवढं पुरे," मी म्हटलं. "दमले मी. उरलेलं उद्या सांगते."

तो गेला. निमूट, जोत्यापासून, अंगणातून, धक्क्यावरून. जाताना सुकटंसुद्धा परत ठेवून गेला, ओली झाली होती, पण ठेवून गेला.

आबा होडीतून उतरले. भिजलेलं धोतर पिळत माझ्याकडे पाहून म्हणाले, "पवळे, भूक लागली गो." म्हादू मात्र माझ्या गळ्यात पडून रडला, आणि मग आठवण झाल्यासारखा म्हणाला, "कालवणाचं तू केलं होतंस? सांगितलं नाहीस कधी!" म्हणजे त्यालाही ऐकू गेलं होतं. पाण्यावर आवाज लांब जातो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वसंताचंही ऐकलं असणार सगळ्यांनी. मला वाटलं, पुन्हा जावं चिखलात.

आई काही बोलली नाही. रात्री जेवायला वाढताना बोलली नाही, भांडी घासताना बोलली नाही. आमच्या घरात तसली शांतता कधी नव्हती. म्हादू दोनदा विचारायला गेला, "आई, बरं नाही का?" आणि आबांनी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला मी निघाले. शब्द दिला होता ना. धक्क्यावर कुणी नव्हतं. दर्या होता, खालच्या पायरीवर, शहाण्यासारखा बसलेला. मी त्याच्यासमोर पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले आणि आठवायला लागले, काल कुठवर आलो होतो.

मागे पावलं वाजली. आई होती. धक्क्यावरच उभी राहिली, पदराचं टोक पिळत.

"काय गो," ती म्हणाली. इतका खालचा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "काल मधलं मधलं ऐकू नाही आलं मला."

"मग?"

"मग काय मग? मलाही ऐकू येईल असं बोल."

"मला मोठ्यानं येत नाही, आई," मी म्हटलं. "तुला जवळ यावं लागेल."

आईनं लुगडं गुडघ्यांवर खोचलं, पायऱ्या उतरली, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसली.